मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत ‘मुंबई’ आणि दुसरीत ‘लंडन’ असे लिहिले, की क्षणार्धात उत्तर येते : हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, अवधी साधारण नऊ ते दहा तास. या उत्तरात शंकेला जागा नाही, आणि म्हणूनच ते थोडे फसवे आहे. अंतर हा भूगोलाचा विषय, तर अवधी हा इतिहासाचा. पहिला आकडा पृथ्वीच्या गोलाईवरून काढता येतो आणि तो शिवकालातही तेवढाच होता. दुसरा मात्र अडीचशे वर्षांत सहा महिन्यांवरून दहा तासांवर आला, आणि हा संकोच होत असताना मराठी माणसाचे राजकारण, त्याची न्यायाची अपेक्षा, त्याचे विरहाचे भान आणि त्याचे गद्य या सगळ्यांवर त्याचा परिणाम होत गेला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिची गरज लागेल. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो मुंबईहून वायव्येकडे निघतो, अरबी समुद्र ओलांडतो आणि जवळजवळ नेमका कराचीवरून जातो. कराची शहर आणि ही रेषा यांत फार तर वीस-पंचवीस किलोमीटरांचा फरक पडेल. पुढे ती बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळ्या समुद्राचा परिसर, युक्रेनचा पश्चिम भाग, पोलंड आणि जर्मनी यांवरून लंडनला पोहोचते. तिचा मध्यबिंदू तिबिलिसीच्या आसपास येतो. शाळेतल्या सपाट नकाशावर हे दिसत नाही. सपाट नकाशा पाहून मोठे झालेल्या माणसाला लंडनची वाट एडन आणि सुएझवरूनच जाते असे वाटत राहते. तीही खोटी नाही, पण ती बोटीची वाट.

मराठी राजकारणातून लंडनला गेलेली पहिली माणसे बहुधा रघुनाथरावाची. राघोबादादाने आपली बाजू थेट विलायतेत मांडावी म्हणून हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला पाठविले. त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशीही होता. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी ठेवून घेतले आणि सोवळ्यातला स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर त्यांच्या स्वाधीन केले. हा प्रसंग बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत कमी आणि शोकांतिका जास्त दिसते. त्या काळी विलायतेच्या एकेका खेपेला पाच-सहा महिने लागत. मुंबईच्या गव्हर्नराला दिलेले उत्तर कालबाह्य होऊनच हाती पडे. हणमंतराव तिकडे ज्या राजकारणासाठी रदबदली करत होता, त्याचा निकाल इकडे १७ मे १७८२ रोजी सालबाईच्या तहाने लागला. राघोबाचा दावा संपला आणि त्याच्या वाट्याला नेमणूक आणि कोपरगाव आले. वकील निघाला तेव्हाचा अशील आणि तो परतला तेव्हाचा अशील एकच उरला नव्हता.

वाफेचे युग आले ते या गैरसोयीवर उतारा म्हणून. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी यांनी बांधली आणि २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. कोळसा ठेवायला जागा पुरेना, म्हणून उतारूंच्या खोल्यांतही तो भरला होता. वाटेत एडनला आणि इतर बंदरांत कोळशासाठीच खोळंबा झाला. महिन्याभराने ती सुएझला पोहोचली. केप ऑफ गुड होपचा वळसा चुकवता येतो, तांबड्या समुद्रात वारा उलटा असला तरी आगबोट त्याला मोजत नाही, एवढे तिने सिद्ध केले. सुएझहून अलेक्झांड्रियापर्यंतचा मधला टप्पा उंट, घोडे आणि नाईलमधल्या होड्या यांनी पार करायचा आणि पुढे भूमध्य समुद्रात दुसरी बोट धरायची. या ‘ओव्हरलँड’ वाटेसाठी टॉमस वॅगहॉर्न नावाच्या माणसाने आपले आयुष्य आणि पैसा अक्षरशः खर्ची घातला. १ ऑक्टोबर १८४५ची मुंबईची डाक त्याने त्रिएस्तच्या नव्या वाटेने त्याच महिन्याच्या ३१ तारखेला लंडनला पोहोचवली. हा तीस दिवसांचा विक्रम होता. नेहमीची डाक याहून सावकाशीने जाई.

या तीस-चाळीस दिवसांचा अर्थ काय होता हे ज्याने सर्वांत जास्त भोगले, तो माणूस म्हणजे रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक याने ५ सप्टेंबर १८३९ रोजी पदच्युत केले आणि पुढे काशीला रवाना केले. कंपनीचे संचालक आणि पार्लमेंट यांच्यापुढे सत्य मांडले की न्याय मिळेल, या विश्वासाने रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ अखेरपर्यंत तिथेच झगडत राहिले. चौदा वर्षे! प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यातील आवेशाशी सगळ्यांनाच सहमत होता येईल असे नाही, पण या माणसाचे लंडनमधले एकाकीपण त्यातून मनावर ठसते.

रंगो बापूजींच्या पराभवाची कारणे सांगताना कंपनीचा कावेबाजपणा, पैशाची चणचण, साक्षीदारांची फितुरी या गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. पण त्यांच्या जोडीला अवधी हेही एक कारण मानले पाहिजे. काशीतल्या राजाने लिहिलेला कागद आधी हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत, मग सुएझ, मग अलेक्झांड्रिया, मग लंडन असा येणार. त्याचे उत्तर त्याच वाटेने उलट जाणार. एका प्रश्नोत्तराला तीन-चार महिने सहज लागत. या अवधीचा जाच दोन्ही पक्षांना सारखा नव्हता. मुंबईचा गव्हर्नर आधी कृती करी आणि मग खलिता पाठवी. लंडनला तो खलिता पोहोचेपर्यंत झालेली गोष्ट ‘झालेली’ असे आणि तिला मंजुरी देणे एवढेच शिल्लक राही. अर्जदाराला मात्र आधी लंडनची परवानगी मिळवून मग कृतीची वाट पाहायची होती. विलंब राज्यकर्त्याच्या बाजूने लढत होता.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. ती बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंतचे सगळे आठवडे रंगो बापूजी एका मृत राजाचे वकीलपत्र घेऊन लंडनमध्ये वावरत होते, आणि हे त्यांना ठाऊक असण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्यानंतर ५ एप्रिल १८४८ रोजी गादीवर असलेले त्यांचे बंधू अप्पासाहेब निवर्तले. दत्तक मानायचा की राज्य खालसा करायचे यावर कागदांची ये-जा सुरू झाली आणि संचालकांचा खालसा करण्याचा निर्णय जानेवारी १८४९ मध्ये झाला. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क दत्तकाच्या बाजूने होता, डलहौसी विरुद्ध. जॉर्ज टॉम्सन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रज साताऱ्याची बाजू घेऊन भांडले, पण तोवर वाद इतिहासजमा घटनांचा झाला होता. रंगो बापूजी कर्जबाजारी होऊन परतले. १८५७ मध्ये त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फासावर गेला आणि रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते कायमचेच.

यानंतरची दोन दशके मुंबईच्या व्यापाराच्या दृष्टीने धामधुमीची होती. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईत कधी कळतो यावर लाखोंची उलाढाल होई. प्रेमचंद रायचंद आपली गलबते बंदराबाहेर पाठवून येणाऱ्या आगबोटीकडून भाव आधी काढून आणीत असे, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, काही तासांनाही बाजारभाव आला होता हे तिच्यातून दिसते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. केपला वळसा घालून मुंबई ते लंडन हे समुद्रमार्गाचे अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर पडे, ते आता सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. शाळेच्या पुस्तकांत या घटनेला मोठे स्थान असते आणि ते योग्यच आहे. मालवाहतुकीचे गणित तिने बदलले. पण माझ्या मते मनुष्याच्या अनुभवात त्याहून मोठा फरक पडला तो पुढच्याच वर्षी. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र बोटीने मुंबई-एडन अशी समुद्राखालची तार टाकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती साखळी इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत पूर्ण झाली. पूर्वी बातमी आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करत, नव्हे, बातमी माणसाच्याच पेटीतून प्रवास करी. आता दोघांची फारकत झाली. बातमी काही तासांत जाऊ लागली, माणसाला मात्र तीन आठवडे लागत राहिले. त्यातही एक मौज होती. मुंबईचे घड्याळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे असे. त्यामुळे मुंबईत दुपारी बाराला दिलेली तार तासाभरात पोहोचली, तर लंडनच्या घड्याळात सकाळचे आठ वाजलेले असत. उत्तर प्रश्नाच्या आधीच्या वेळेचे शिक्के घेऊन येई.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीचे सारे कथानक या नव्या वेळापत्रकावर उभे आहे. तिचा नायक २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडन सोडतो आणि २० ऑक्टोबरला मुंबईत उतरतो. वेळापत्रकाने वीस दिवस दिलेले असतात, तो दोन दिवस आधी पोहोचतो. त्यातले सुएझपर्यंतचे सात दिवस आगगाडी आणि बोट असे मिळून मोजले आहेत, पुढचे तेरा निव्वळ बोटीचे. आमच्या विद्यार्थ्यांना ही कादंबरी साहसकथा म्हणून वाचायला देतात. ती वेळापत्रकाची कथा म्हणून वाचली तर अधिक कळते. साहस एवढेच, की वेळापत्रक खरे आहे असे एका माणसाने गृहीत धरले.

मराठीतल्या विलायतेच्या प्रवासवर्णनाचा आरंभ याच वेळापत्रकाच्या छायेत झाला. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याच वसंतात आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. एकाच ऋतूत दोन मराठी स्त्रिया दोन बंदरांतून समुद्र ओलांडत होत्या, हे आपल्या वाङ्मयेतिहासात एकाच पानावर सहसा येत नाही. एक धर्माच्या प्रकरणात जाते, दुसरी वैद्यकाच्या. दोघींना जोडणारी गोष्ट म्हणजे बोटीवर काढलेले आठवडे. त्या आठवड्यांत माणूस इथलाही नसतो आणि तिथलाही नसतो. मागे राहिलेल्यांचे आक्षेप अजून कानांत असतात आणि पुढच्यांचे प्रश्न सुरू झालेले नसतात. लिहिण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? पुढे मराठीत विलायतेच्या प्रवासवर्णनांचे पीक आले, त्यात बोटीचे प्रकरण जवळजवळ अपरिहार्य झाले : निरोपाचा धक्का, पहिल्या दोन दिवसांची बोट लागणे, एडनचे उजाड डोंगर, सुएझची वाळू, रोज थोडे थोडे मागे घ्यावे लागणारे घड्याळ. या प्रकरणांना पुढे साचलेपण आले हे खरे, पण घड्याळ रोज थोडे मागे घेण्यातली सौम्यता आज कोणाच्याही वाट्याला येत नाही.

या जलमार्गाचा सगळ्यांत नाट्यमय उपयोग, किंवा म्हणा दुरुपयोग, सावरकरांच्या बाबतीत झाला. जून १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीने ते मुंबईहून निघाले आणि जुलैच्या आरंभी लंडनला पोहोचले. तिथून त्यांनी मराठी पत्रांसाठी बातमीपत्रे लिहिली. ती मुंबई-पुण्यात हाती पडत तेव्हा शिळी झालेली असत, तार कधीच येऊन गेलेली असे. तरीही वाचक ती वाचत, कारण तारेत वृत्त येते, वृत्ती येत नाही. १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली ‘सागरास’ ही कविता सर्वांना पाठ असते. ती सागराशीच का बोलते याचा विचार मात्र कमी होतो. समुद्र हा इथे वाहन आहे, मध्यस्थ आहे आणि वचनभंग करणारा पक्षकारही आहे. घरापासून तीन आठवड्यांचे पाणी दूर असलेल्या माणसालाच त्या पाण्याशी असा हिशेब मांडता येतो. विमानाने गेलेला मराठी कवी आकाशाला असे बोल लावील असे वाटत नाही, आणि कोणी लावल्याचे आठवतही नाही.

पुढल्याच वर्षी त्यांना अटक करून हिंदुस्थानात पाठवायचे ठरले. तेव्हा घाईच्या प्रवाशांची रीत अशी होती, की लंडनहून आगगाडीने फ्रान्स ओलांडायचा आणि मार्सेयला बोट धरायची. जिब्राल्टरचा वळसा चुकून जवळजवळ आठवडा वाचे. पण कैद्याला फ्रान्सच्या भूमीवरून नेले तर परक्या देशाच्या कायद्याचा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून त्यांना संपूर्ण जलमार्गाने नेण्याचे ठरले. ‘मोरिया’ १ जुलै १९१० रोजी निघाली, स्पेनला वळसा घालून ७ तारखेला मार्सेयच्या बंदरात आली आणि ८ जुलैच्या सकाळी जे घडले ते सर्वश्रुत आहे. ज्या भूमीला पाय लागू नये म्हणून आठवड्याचा फेरा घेतला, त्याच भूमीला कैद्याचे पाय लागले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि फेब्रुवारी १९११ मध्ये इंग्लंडच्या बाजूने निकाल लागला. सावरकर त्याआधीच, २२ जुलै १९१० रोजी, मुंबईला आणले गेले होते. लवाद बसेपर्यंत खटलाही झाला आणि शिक्षाही झाली. रंगो बापूजींच्या काळचा तोच न्याय : कृती आधी, वाद नंतर.

महायुद्धाच्या काळात या वाटेवर पाणसुरुंग आणि पाणबुड्या आल्या. ‘पर्शिया’ १९१५च्या अखेरीस बुडवली गेली. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, तेव्हा ते स्वतः मार्सेयहून ‘कैसर-इ-हिंद’ बोटीने सुखरूप आले, पण त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या दुसऱ्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. त्या पेट्यांत काय होते याची यादी आपल्याजवळ असती तर!

१९३१चा ऑगस्ट महिना मला या प्रवासाच्या इतिहासातला फार बोलका वाटतो. १४ ऑगस्टला मुंबईत मणिभवनात गांधी आणि आंबेडकर यांची पहिली भेट झाली, ती कडवटपणात संपली. दुसऱ्याच दिवशी आंबेडकर ‘मुलतान’ बोटीने गोलमेज परिषदेसाठी निघाले. गांधींचे जाणे ठरता ठरता महिना संपत आला. २९ ऑगस्टला ते ‘राजपुताना’ बोटीने निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले आणि १२ला लंडनला पोहोचले. म्हणजे दोघांनाही दोन-दोन आठवड्यांचा समुद्र मिळाला, पण वेगवेगळा. हे दोघे एकाच बोटीने गेले असते तर डेकवर काही बोलणे झाले असते काय, हा इतिहासाला विचारण्याचा प्रश्न नव्हे. नाटककाराला मात्र तो जरूर विचारता येईल.

तोवर आकाशातली वाट सुरू झाली होती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत विमानसेवा सुरू केली. तिला ‘विमानसेवा’ म्हणणे थोडे उदारपणाचे होते. बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग भूमध्य समुद्रावर उडती बोट, मग अलेक्झांड्रियाहून पुन्हा दुसरे विमान, असा सात दिवसांचा तो प्रवास होता. पण सात दिवस! बोटीच्या निम्मे. आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान अंतर एकट्याने महिन्याभरात उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. अ‍ॅस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून निघाला आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघे भेटले. इंजिनियरच्या विमानाचे स्पार्क प्लग बिघडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि बक्षीस इंजिनियरने जिंकले.

विमान कराचीलाच का थांबे? एक कारण भूगोलाचे. वर सांगितलेली ती ताणलेली रेषा. लंडनहून मुंबईकडे येताना कराची वाटेतच आहे. दुसरे कारण राज्यकारभाराचे आणि आज विसरलेले. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचे टपाल म्हणजे परप्रांताचे टपाल नव्हे. मात्र पुढे मुंबईपर्यंत ते आगगाडीने येई आणि विमानाने कमावलेला वेळ रुळांवर खर्च होई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी स्वतः एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान कराचीच्या द्रिघ रोडवरून सकाळी उडवले. बरोबर साधारण २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरल्यावर तिथे पेट्रोल आले ते बैलगाडीतून डब्यांत. दुपारी ते जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. जुहूचे ‘विमानतळ’ म्हणजे चिखलाची सपाटी होती, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. सहा-सात दिवसांत लंडनचे पत्र मुंबईला आणणारी साखळी या शेवटच्या कडीत बैलगाडीवर आणि मृगाच्या पावसावर अवलंबून होती. १९८२ मध्ये, पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी कराची-मुंबई हे उड्डाण तशाच छोट्या विमानातून पुन्हा एकट्याने केले. मधल्या काळात कराची परदेश झाले होते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. कप्तान होते के. आर. गझदर. प्रवासी पस्तीस आणि उड्डाणाचा वेळ साधारण एक दिवस. १९६०च्या वसंतात बोइंग ७०७ आले, १९७१ मध्ये जम्बो आले आणि थांबे गळत गेले. ही प्रगती इतक्या सरळ रेषेत झाली की तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. प्रवासवर्णनातले बोटीचे प्रकरण मात्र इथे मेले. त्याची जागा हवाईसुंदरी, कमरेचा पट्टा आणि खिडकीतून दिसणारे ढग यांच्या एका परिच्छेदाने घेतली आणि लवकरच तोही लेखकांना लिहावासा वाटेनासा झाला. लेखक एकदम हीथ्रोवर उगवू लागला. साठोत्तरी प्रवासवर्णनांत परदेशाचे पहिले दर्शन असे धक्क्यासारखे, विनोदाच्या अंगाने येते, त्याचे एक कारण शैलीत नसून वेळापत्रकात आहे, असे मला वाटते. मनाला तयारीला वेळच मिळालेला नसतो.

अवधी सतत कमीच होत जातो हा समजही खरा नाही. १९६७ ते १९७५ ही आठ वर्षे सुएझ कालवा बंद होता आणि बोटींना पुन्हा केपचा जुना वळसा घ्यावा लागला. बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्तानचे आकाश बंद राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. मुंबई-लंडनची ती ताणलेली रेषा कराचीवरून आणि पश्चिम युक्रेनवरून जाते हे आता आठवावे. १९३२ मध्ये ज्या शहराशिवाय हा प्रवास होत नव्हता, त्याला टाळून वैमानिकांना समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

आता ‘मलबार प्रिन्सेस’चे काय झाले ते सांगायचे राहिले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन याच वाटेवर ते मों ब्लांवर आदळले. विमानात अठ्ठेचाळीस माणसे होती आणि प्रवाशांत बहुतेक बोटीवर कामाला निघालेले खलाशी होते. बोट पकडायला ते विमानाने चालले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ आदळले. मुंबई, दिल्ली, बैरुत आणि जिनिव्हा अशी त्याची वाट होती. एकशे सतरा माणसे गेली, त्यांत होमी भाभा होते.

बोसाँची हिमनदी तेव्हापासून ते अवशेष आपल्या गतीने दरीकडे वाहून आणते आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये गिर्यारोहकांना तिच्या बर्फात भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची एक राजनैतिक टपालाची थैली सापडली. तिला पोहोचायला सेहेचाळीस वर्षे लागली. जुलै २०२० मध्ये त्याच हिमनदीच्या कडेला भारतीय वर्तमानपत्रांचे अंक निघाले. ते ओले होते, पण वाचता येत होते. त्यांना वाळत घालून पाहिले तेव्हा पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी होती.